सुरभीच्या वेलीची आठ दिवसांची व्यवस्था

पुसद,
२ डिसेंबर

ती. नयनताईस विजूचा साष्टांग नमस्कार. (गुडघे आता साष्टांग घालू देत नाहीत, म्हणून खुर्चीत बसूनच घातला आहे. कमी वाटला तर भेटीत उरलेला वसूल कर.)

आज सकाळी चादर बदलायला गादी उचलली आणि अमरावतीचं होस्टेल आठवलं. दर रविवारी संध्याकाळी आपण निळ्या स्कर्टच्या चुण्या एकेक करून बोटांनी बसवायचो, मध्ये वर्तमानपत्र घालायचो आणि स्कर्ट गादीखाली ठेवायचो. मी इतकी काटकुळी होते की माझ्या वजनाने चुणी बसायची नाही, म्हणून माझाही स्कर्ट तुझ्या गादीखाली जायचा. तू मोठी मावसबहीण, त्यामुळे वजनाची जबाबदारी तुझी. पण तू कूस बदललीस की माझ्याच स्कर्टला तिरपी घडी पडायची आणि सोमवारी प्रार्थनेच्या वेळी सिस्टर मला रांगेबाहेर काढायची. तू एकदाही कबूल केलं नाहीस. पंचावन्न वर्षं झाली, आता करायला हरकत नाही.

तुझं ब्लड प्रेशर, तुझा डावा खांदा आणि तुझ्या वरच्या मजल्यावरचा तबला शिकणारा गृहस्थ, तिघांची खुशाली कळव. आमच्याकडे सगळे ठीक. सगळे म्हणजे मी आणि हे. (आणि वेल. तिच्याचसाठी हे पत्र आहे.)

कारण असं की १४ तारखेला नागपूरला माझं एक छोटंसं ऑपरेशन आहे. पोटाचं. आठ दिवस लागतील. तू लगेच फोन उचलू नकोस, काळजी करण्यासारखं काही नाही. काळजी आहे ती एवढीच की त्या आठ दिवसांत वेल आणि आमचे हे एकाच घरात एकटे राहणार आणि दोघांतलं कोणीतरी दुसऱ्याला बुडवणार. म्हणून तू १३ तारखेच्या आत पुसदला येऊन राहावंस, ही विनंती. का, ते सविस्तर लिहिते, कारण तू मुख्याध्यापिका होतीस आणि कारणाशिवाय रजा मंजूर करायची नाहीस.

सुरभीच्या घरात ही वेल होती, हे तुला ठाऊक आहे, पण तू ती पाहिलेली नाहीस. फिलोडेंड्रॉन मेलानोक्रायसम. (आपल्या सिस्टरने हे नाव फळ्यावर लिहून वाचायला लावलं असतं तर आपण दोघी अजून सातवीतच असतो.) कोलंबियातल्या पावसाळी डोंगरांत झाडांवर चढणारी ही वेल. पान लांबोडकं, काळपट हिरव्या मखमलीचं, त्यावर पोपटी शिरा. नवं पान उमलतं तेव्हा तांब्याचं दिसतं आणि लहान मुलाच्या कानासारखं मऊ असतं. नावाचा अर्थ 'काळं सोनं' असा आहे म्हणे. हे एकदा म्हणाले, "जिंदगीभर पांढऱ्या सोन्याची नोकरी केली, आता काळ्याची करून राह्यलो." सुरभी गेल्यानंतर ह्यांनी केलेला तो पहिला विनोद. मी स्वयंपाकघरात जाऊन हसले.

चार वर्षांपूर्वी आम्ही लेकीचं पुण्याचं घर रिकामं करायला गेलो होतो. चौतिसाव्या वर्षी माणसाचं सामान किती असतं, ताई? पाच दिवसांच्या डेंग्यूने मूल नेलं, आणि फ्रीज, कपाट, चपलांचे तेरा जोड मागे ठेवले. ते सगळं तिच्या मैत्रिणीने ठेवून घेतलं. हे एवढंच म्हणाले की वेल आपण नेऊ. गाडी इथल्याच गुलाबसिंगची होती. वेलीचं पान मागच्या सीटवर दुमडायला लागलं, म्हणून तिला पुढे बसवलं आणि पट्टा लावला. आम्ही नवराबायको मागे. पुणे ते पुसद गुलाबसिंगने गाणं लावलं नाही. दुपारी ढाबा आला तेव्हा त्याने गाडी झाडाखाली लावली, वेलीच्या बाजूची काच दोन बोटं उघडी ठेवली आणि आम्हाला भर उन्हातून चालत नेलं. त्या अख्ख्या प्रवासात हे एकच वाक्य बोलले, "हळू घे बाबू, पान लागते."

फ्रीजवर एक कागद चिकटवलेला होता. सुरभी दिवाळीला आमच्याकडे यायची तेव्हा मैत्रिणीसाठी लिहून ठेवायची, त्यातला. सात ओळी, अर्ध्या इंग्रजीत. थेट ऊन नको. वेल चढते तो खांब ओला ठेवणे. पानावर हात फिरवायचा नाही (याखाली दोन रेघा). आणि पाणी कधी? 'वरची माती दोन बोटं कोरडी झाली की.' ह्यांनी तो कागद लॅमिनेट करून आणला आणि कॅलेंडरशेजारी टांगला. तेव्हापासून आमच्या घरात एकच ग्रंथ आहे.

आता तू म्हणशील, यात अवघड काय? अवघड हे की दोन बोटं कोणाची? कृषी खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस, हजारो शेतकऱ्यांना मात्रा सांगितली, तो या ओळीवर अडला. ह्यांची बोटं तुला माहीत आहेत, कुदळीच्या दांड्यासारखी. ती दोन बोटं आत घातली तर कुंडीत जागाच उरत नाही. पहिले आठ दिवस हे कुंडीसमोर नुसते उभे राहायचे. मग एक दिवस मला हाक मारली, माझा हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "पोरीची बोटं तुह्यासारखी होती." झालं. त्या दिवसापासून रोज सकाळी साडेसहाला मला कुंडीत बोटं घालावी लागतात. ताप असो, पाहुणे असोत, हात कणकेत असो. मी "कोरडी" म्हणाले तर पाणी, "ओली" म्हणाले तर नाही. माझ्या शब्दाला या घरात इतकी किंमत लग्नानंतर प्रथमच आली.

उन्हाळ्याचं तर विचारूच नको. बाहेर पंचेचाळीस, आणि कोलंबियाच्या पाहुणीला हवेत दमटपणा हवा. मग कूलर बैठकीत गेला, तोंड वेलीकडे, पण झोत अंगावर नको म्हणून थोडं भिंतीकडे. आम्ही दोघं स्वयंपाकघरात पंख्याखाली. एकदा दुपारी लाइट गेली तेव्हा ह्यांनी ओला टॉवेल घेतला आणि वेलीला वारा घालू लागले. मी शेजारी बादली धरून उभी. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या हंसाबाई विरजण मागायला आल्या. त्या दारातूनच परत गेल्या आणि संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं की, "भाऊजी झाडाले हवा घालून राह्यले, अन् बाई घामानं निथळत बाजूले उभी. पोरीच्या दुःखानं दोघंही गेले कामातून." (विरजण त्यांनी दुसरीकडून घेतलं.)

घरात मदतीला मानीबाई आहे. तिचा नवरा रामधन आमची शेती बघतो, तांड्यावर राहतात दोघं. मानीबाईचा जीव सुरभीवर होता, पोरीला तिनेच अंगाखांद्यावर खेळवली. वेल आली तेव्हा तिने कुंडीला हळदकुंकू वाहिलं आणि गोरबोलीत, त्यांच्या बंजारा बोलीत, तिच्याशी काहीतरी बोलली, त्यातलं 'याडी' एवढं मला कळलं. आई म्हणत होती. तिथपर्यंत ठीक. पण आम्ही चारचार दिवस पाणी देत नाही हे तिला पाहवेना. "बाई, पोरीचं झाड हाय, अन् तुमी याले उपाशी ठेवता?" म्हणून ती गुपचूप तांदळामुगाचं धुवण, वरणाचं पाणी, एकदा तर ताक ओतत राहिली. पंधरा दिवसांनी कुंडीतून बारीक काळी चिलटं उठली ती आमच्या चहात. हे भिंग घेऊन माती तपासायचे आणि म्हणायचे, ही कीड विदर्भात नोंदलेली नाही. शेवटी मला कुंडीत मूग सापडले, मोड आलेले.

पण खरा प्रसंग या सप्टेंबरात झाला. मी आणि हे नागपूरला माझ्या तपासण्यांसाठी गेलो होतो (तुला कळवलं नव्हतं, तू खिचडीचे डबे घेऊन आली असतीस). संध्याकाळी घरी आलो तर रामधन दारातच, चेहरा उजळलेला. भाजी द्यायला आला होता, वेल पाहिली, आणि त्याच्या डोळ्यांना दिसलं की ही बाई नुसती उंच उंच चालली आहे, फांदी नाही, फूल नाही, बोंड नाही. कपाशी नव्वद दिवसांची झाली की तो काय करतो? शेंडा खुडतो. म्हणजे झाड वर धावायचं सोडतं आणि बाजूने फुटतं. तेच त्याने केलं. नखाने, स्वच्छ, एका झटक्यात. चार वर्षांत माणसाच्या डोक्यावर गेलेल्या वेलीचा तो एकमेव शेंडा, आत नवं तांबडं पान गुंडाळलेलं, बशीत ठेवून त्याने ह्यांच्यापुढे धरला.

"हे काय केलं रे?" मी म्हणाले.

"नुसती वाढून राह्यली होती बाई. शेंडा खुडल्याबगर माल कसा धरन?"

"तुले कोणं सांगितलं?" हे म्हणाले.

"आता घ्या! साहेब, तुमीच त सांगितलं. आमच्या तांड्यावर, मारुतीच्या पारावर, लाउडस्पीकर लावून. आख्खा तांडा हजर होता."

खरं होतं ते. तीस वर्षांपूर्वी ह्यांनी गावोगावी फिरून शेंडा खुडणीचं महत्त्व सांगितलं होतं, रामधन पहिल्या रांगेत बसला होता, आणि साहेबांचा शब्द त्याने तेव्हापासून मोडला नाही. हे खुर्चीत बसले. रामधनच्या तोंडावरचा उजेड हळूहळू गेला, तो बशीकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "पोरीचं व्हतं म्हणून केलं साहेब. दुसऱ्याच्या झाडाले कायले हात लावला असता मी?"

आणि मी रडले. ताई, मी अशी रडले की हंसाबाई पुन्हा आल्या. सुरभीच्या वेळी रडले नव्हते इतकी. बशी मांडीवर घेऊन, पर्स खांद्याला तशीच, चपला पायात तशाच. शेवटी रामधन घाबरून माझ्या पायाशी बसला आणि हे त्याच्याशेजारी. सगळ्यांना वाटलं, शेंड्यापायी. मला आता लाज वाटते.

त्यानंतर दीड महिना वेल ठोंब्यासारखी उभी. हे रोज टोकाकडे पाहायचे, मी रोज बोटं घालायचे, रामधन भाजी फाटकावर ठेवून पळायचा. आणि दिवाळीच्या आधल्या दिवशी, तुटल्या टोकाच्या खालच्या पेरातून एक हिरवा कोंब बाहेर आला. चार दिवसांनी त्याच्याही खाली दुसरा. ह्यांनी पायात चपला घातल्या आणि गेट उघडून तांड्यावर गेले. चार वर्षांत प्रथमच घराबाहेर, बँक आणि दवाखाना सोडून. रामधनला घेऊन आले, टोकाकडे बोट दाखवलं. रामधनने दोन फुटवे मोजले, पुन्हा मोजले, आणि म्हणाला, "तिसरा बी आला असता, साहेब. तुमी खत कमी टाकता." चहा ह्यांनी स्वतः केला. साखरेऐवजी मीठ पडलं, पण दोघांनी प्यायला.

आता मुद्दा. ह्यांना वेलीजवळ एकटं का सोडता येत नाही? कारण ह्यांना कोरडं बघवत नाही. गेल्या वर्षी मी दोन दिवस दिग्रसला लग्नाला गेले होते. ह्यांनी दोन दिवसांत सात वेळा पाणी घातलं. प्रत्येक वेळी मला फोन, "कोरडी वाटते." अहो, बोट घालून पाहिलं का? "नाही, वाटते." मी आले तेव्हा कुंडीला वास सुटला होता आणि दोन मुळं हातात आली. प्रेमाने कुजवतो हा माणूस. हातचं एक गेलं, म्हणून दुसऱ्याच्या तोंडात सारखं पाणी. त्यात यांची चूक काय म्हणायची?

म्हणून तू ये आणि पुढीलप्रमाणे कर. सकाळी साडेसहाला बोटं घाल. तुझी बोटं माझ्याहून जाड, तेव्हा दीड पुरेल. आता थंडी आहे, संध्याकाळी उत्तरेची खिडकी लावून घे. काथ्याचा खांब दिवसाआड ओला कर, नळाच्या पाण्याने नाही, उकळून गार केलेल्या. संक्रांतीला मानीबाई कुंडीत तीळ टाकील, ते काढून घे. होळीनंतर कूलरची नवी गवताची पॅड घाल. जूनमध्ये, हवा दमट झाली की, फुटवे हातभर झाले असतील, तेव्हा हवेतली मुळं धरून एकेका पेराखाली काप घे. कात्री आधी उकळून. पुढच्या वर्षी वेल छताला लागेल, तेव्हा खांब बदलावा लागेल, आणि त्या कामाला दोन माणसं लागतात.

हे आठ दिवसांच्या मानाने थोडं लांबलं आहे, हे मला दिसतं आहे. तू निबंध तपासायचीस तशी लाल रेघ मारू नकोस.

तब्येतीला जप. तबलजीला माझा नमस्कार सांग, आणि सम सापडली का विचार.

तुझी,
विजू
(सौ. विजयमाला)

ता. क. हे वरचं काल लिहिलं. आज पाकिटात घालताना वाटलं, तुझ्याशी खोटं बोलण्याइतका वेळ आता नाही. ऑपरेशन नाही. मागच्या महिन्यात मी एकटीच नागपूरला गेले होते तेव्हा डॉक्टरांनी फाइल उघडली, बंद केली आणि माझ्यासाठी चहा मागवला. डॉक्टर चहा मागवतात तेव्हा समजून घ्यावं. कापून उपयोग नाही म्हणाले. उन्हाळ्यापर्यंत म्हणाले. उन्हाळा धरून की सोडून, ते मी विचारलं नाही.

घरी येऊन ह्यांना सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून ऑपरेशन निघालं. तारीख निघाली, आठ दिवस निघाले. ह्यांनी लगेच कॅलेंडरवर १४ ला गोल केला. आता मला कुठेतरी जाणं भाग आहे. तेव्हा तू पुसदला येऊ नकोस, मीच तुझ्याकडे नागपूरला येते. ह्यांना सांगेन, दवाखान्यात नयनताई आहे, तुम्ही वेलीजवळ थांबा. पलंग नको, सतरंजी चालेल. पोटावर खोटी पट्टी कशी बांधायची ते तू बघ, गर्ल गाइडमध्ये तुला प्रथमोपचाराचं बक्षीस होतं. आठ दिवस मला काही करायला लावू नकोस. एखाद्या दुपारी नुसतं बसू.

आणि वेलीच्या त्या सगळ्या सूचना रद्द. त्या आठ दिवसांत कुंडीत ह्यांना स्वतःची बोटं घालायची आहेत. कशाला जातेस म्हणशील तर याचसाठी. मी असताना ते घालणार नाहीत, आणि मी नसताना पहिल्यांदा घालायची वेळ आली तर तेव्हा शिकवायला कोणी नसेल. ते तुला फोन करतील. तू सांगायचं, विजू वॉर्डात आहे, बोलू शकत नाही, मातीचं तुमचं तुम्ही बघा. कडक आवाजात, शाळेतल्या. पहिल्या दिवशी सात फोन येतील. मोजत जा. आठव्या दिवशी एक आला, तर मी परत जाऊन ह्यांना खरं सांगेन. सातच राहिले तरी सांगेन, पण मग तुला माझ्यासोबत यावं लागेल, ताई. ही खरी विनंती. मला एकटीला ते वाक्य बोलता येणार नाही.

आणखी एक. हे वकिलाकडे लिहायचं नाही, तुझ्याजवळ असू दे. सुती साड्या सगळ्या मानीबाईला, इरकल तुला. (तू नेसणार नाहीस, ठेव.) जवळचा चष्मा मानीबाईला, तिला सुईत दोरा ओवता येत नाही. माझी होस्टेलची ट्रंक तिच्याच घरी जाऊ दे, तांड्यावर धान्याला उंदीर लागतात. सुरभीची इंग्रजी पुस्तकं तू घे आणि वाच, समासात तिने लिहिलेलं आहे. उन्हाळ्यात ह्यांनी स्वतःसाठी दुसरा कूलर घ्यावा, हे तू सांग, माझं ऐकलं नाही. जूनमध्ये दोन फुटवे निघतील. एक तुझा. दुसरा रामधनचा. त्याने तो कुंपणावर उन्हात लावला, शेणखतात पुरला, काहीही केलं तरी त्याला कोणी शिकवायला जायचं नाही. मूळ वेल ह्यांची. जगली तर त्यांची, कुजली तरी त्यांचीच, कोणी बोल लावू नये. पण कुंडी जागेवरून हलवू देऊ नकोस, रिकामी झाली तरी. सकाळी उठून कुठे जाऊन उभं राहायचं, हे त्यांना माहीत असलं पाहिजे.